कूलर बंद असताना

आमच्या घरात उन्हाळा अंगाच्या आधी कानाला कळायचा. होळी जवळ आली की पुढच्या खोलीत पत्रा कापायला सुरुवात व्हायची. मोठी कात्री पत्र्यातून जाते तेव्हाचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगून समजणार नाही; दात आंबतात, एवढंच म्हणते. मग हातोडी, मग भोकं पाडायचं मशीन, मग तयार कूलरची मोटर चालवून पाहणं. नागपुरातल्या पाचपावलीच्या त्या गल्लीत आमच्यासारखी कूलर बनवणारी आणखीही घरं होती, त्यामुळे ऊन तापू लागलं की गल्लीत कुणी कुणाशी साध्या आवाजात बोलतच नसे. आईचं काम मागच्या अंगणात. ती ताट्या भरायची. ताटी म्हणजे कूलरच्या बाजूंना लागणारी जाळीची चौकट. तिच्यात गवत नाहीतर वाळा सारखा पसरून दाबून बसवावा लागतो. कुठे जाड, कुठे विरळ झाला की पाणी एकाच अंगाने वाहतं आणि खोलीत गरम वाफा येतात. आई मांडी घालून, पदर खोचून बसायची. हातांवर गवताचे ओरखडे असायचे, आणि सकाळची बुद्धवंदना म्हणून झाली तरी तिची चाल तिच्या तोंडात दुपारपर्यंत रेंगाळत राहायची. ओल्या वाळ्याचा आणि परतलेल्या कांद्याचा वास एकत्र आला की मला अजून भूक लागते.

बाबांचा डावा कान लहानपणीच फुटला होता आणि उजव्याने जेमतेम ऐकू यायचं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण हातोडी पडली की ते कानात किंचाळायचं, म्हणून बाबांनी ते कपाटात टाकून दिलं होतं. त्याची तशी गरजही नव्हती, कारण आई होती. जेवायला बसलो की ती बाबांच्या उजव्या हाताला बसायची, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि गल्लीत, नात्यात, देशात जे काय चाललं असेल ते त्यांच्या कानाशी हळू आवाजात सांगायची. बाबांनी पहिला घास घेतला की विचारायची, मीठ बरोबर हाये का. बाबा मान डोलवायचे किंवा म्हणायचे, जरासं कमी. मी समोर बसून जेवायचे. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. सगळ्यांच्या घरी बायका अशाच बसत असतील असं वाटायचं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना आई गेली. आजार थोडक्याच दिवसांचा होता, त्याबद्दल इथे लिहीत नाही. नातेवाईक आले, राहिले, गेले. त्यानंतर लक्षात आलं की आईबरोबर घरातलं बोलणंही गेलं आहे. बाबांना काही सांगायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून सांगण्यासारख्या गोष्टी माणसाजवळ असतात तरी किती? जेवाले चला. नळ आला. गिऱ्हाईक आलं. एवढ्यात आमचा दिवस संपायचा. मला करमत नाही, हे ओरडून कसं सांगायचं? मी तसं ओरडले असते तर शेजारची बाई काय झालं म्हणून धावत आली असती. म्हणून मी ते सांगितलंच नाही. मी स्वयंपाक करायचे, बाबांसमोर ताट ठेवायचे, माझं ताट घेऊन नेहमीसारखी समोर बसायचे. त्यांच्या उजव्या हाताची जागा रिकामी असायची. ती आईची जागा होती. तिथे पाण्याचा लोटा ठेवलेला असे. बाबा जे वाढलं ते मुकाट्याने खायचे. बेसन असो की वांग्याची भाजी, चांगलं नाही, वाईट नाही. एका घरात राहून इतकं एकटं राहता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अशात ऋतुजा आली. आमच्याच कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग होता, त्या पोरांना वर्षाच्या शेवटी एक माहितीपट करून द्यावा लागे. ऋतुजाने कूलरचा विषय घेतला होता: कूलर बनवतो कोण, दुरुस्त करतो कोण, त्याच्यासमोर झोपतो कोण. ती दिग्दर्शक, फैजान कॅमेऱ्यावर, आणि आवाज धरायला जो मुलगा होता तो उन्हाचा कंटाळा करून गावी पळाला होता. ऋतुजा विचारपूस करत आमच्या दुकानाशी आली, बाबांना काहीतरी विचारलं, बाबांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी बाहेर आले. बोलता बोलता तिने मलाच विचारलं, तू येशील का आमच्यासोबत, नुसता दांडा धरायचा आहे. घरातून बाहेर पडायला मला निमित्त हवंच होतं. मी बाबांना ओरडून सांगितलं, कॉलेजचं काम हाये. ते म्हणाले, बरं.

नुसता दांडा धरायचा नव्हता. लांब दांड्याच्या टोकाला माइक, त्याची वायर कमरेच्या रेकॉर्डिंगच्या पेटीत, पेटीतून कानांवर हेडफोन, आणि दोन्ही हात डोक्यावर. माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा पण चित्रात दिसता कामा नये, त्याची सावली भिंतीवर पडता कामा नये, आणि बोट जरा सरकलं तरी हेडफोनमध्ये घर पाडल्यासारखा आवाज. पहिल्या दिवसानंतर मला पोळ्या लाटता येईनात, इतके दंड भरून आले. त्यांच्या वर्गाला आवाज शिकवायला एक सर यायचे. त्यांनी माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, बोलणारा लांब वाटला तेव्हा तू काय केलंस? मी म्हटलं, पेटीवरचा आवाज वाढवला. ते म्हणाले, मग पंखाही वाढला, रस्ताही वाढला, माणूस होता तिथेच राहिला. "आवाज वाढवायचा नाही, बाई. जवळ जायचं." पुढे सगळं आयुष्य मी या कामात काढलं, किती शहरांत किती प्रकारची यंत्रं हाताळली, पण शिकण्यासारखं जे होतं ते मला वाटतं त्या एका वाक्यातच होतं. अर्थात तेव्हा मला ते फक्त माइकबद्दल वाटलं.

आता गंमत अशी की कूलरवरचा माहितीपट आणि आवाज नीट हवा तर कूलर बंद. ज्या घरी जाऊ तिथे ऋतुजा गोड बोलून खुर्च्या हलवून घ्यायची, फैजान हसवायचा, आणि मग मी पुढे होऊन म्हणायचे, मावशी, जरा कूलर बंद करता का. भर उन्हाळ्यात, नागपुरात. लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. एका आजोबांनी तर स्पष्ट विचारलं, "कूलरची फिल्लम काढता अन् कूलरच बंद करा म्हणता? काहून गा पोट्टेहो, मले मारता काय?" आणि बंद करण्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे परत चालू करायचं राहून जायचं. काम झालं की सामान गोळा करण्याच्या घाईत कुणाला आठवण राहत नसे. एकदा एक बाई गल्लीच्या टोकापर्यंत आमच्यामागे आली आणि चारचौघांत आमचा उद्धार करून गेली, कारण घरात तिचं तान्हं लेकरू घामाने रडून लाल झालं होतं. त्यानंतर मी एक युक्ती काढली. कूलर बंद केला की माझा दुपट्टा काढून त्याच्या बटनाला बांधून ठेवायचा. नागपूरच्या उन्हात तोंडाला दुपट्टा न बांधता कोणती पोरगी रस्त्यावर पाय ठेवेल? निघताना दुपट्टा घ्यायला जावंच लागे, आणि मग कूलर चालू होई. फैजानला ही युक्ती इतकी आवडली की तो म्हणाला, फिल्म में यही डाल देते हैं.

पण हेडफोन लावलेला माणूस कुणात नसतो. कॅमेरेवाला आणि दिग्दर्शक एकमेकांशी बोलतात, भांडतात. आवाजवाला कोपऱ्यात दांडा धरून उभा असतो आणि त्याने गप्प राहावं हीच त्याची लायकी. मला गप्प राहायची सवय होतीच. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लोक विसरतात की माइक चालू आहे. एकदा मोमीनपुऱ्यात एका गच्चीवर मी या टोकाला होते आणि ते दोघे त्या टोकाला, आणि दांडा त्यांच्याकडे वळलेला होता. फैजान म्हणाला, लडकी अच्छा काम करती है. ऋतुजा म्हणाली, "हो गा, पण बोलतच नाही काही. तिच्या घरी शूटिंग करायला भेटेल म्हणून तर घेतलं तिला." तिने ते काही दुष्टपणाने म्हटलं नव्हतं, हे आज कळतं. पण तेव्हा ते वाक्य थेट माझ्या दोन्ही कानांत येऊन पडलं, आणि मला दांडासुद्धा हलवता येत नव्हता. मी खाली रस्त्यावरच्या सरबताच्या गाडीकडे पाहत उभी राहिले. घरी गेले, पाणी प्यायले, कणीक मळली. कुणाला सांगणार होते?

या सगळ्यात मला आवडायची एकच गोष्ट. प्रत्येक जागेचं बोलणं घेऊन झालं की त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करावी लागते. पुढे जोडकामात, म्हणजे एडिटिंगमध्ये, दोन वाक्यांच्या मधे ती लागते. त्या मिनिटात सगळ्यांनी असेल तिथे स्तब्ध उभं राहायचं. लोकांना हसू यायचं, खोकला यायचा, पायाला मुंग्या यायच्या. मला मात्र तेव्हा सगळे माझ्याबरोबर आहेत असं वाटायचं. कुणीच बोलत नाही म्हटल्यावर मी एकटीच गप्प नसे. आणि हेडफोनमध्ये त्या घराचं सगळं ऐकू यायचं: देवळीतलं घड्याळ, माठाखालच्या ताटलीत पडणारं पाणी, कुणाचातरी श्वास. हल्लीची मुलं मशीनवरच कूलरचा आवाज पुसून टाकतात, कुणालाच उकडत बसावं लागत नाही. बरंच आहे ते.

शेवटी आमच्या घराची पाळी आली. मी आदल्या दिवशी भिंती झाडल्या, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पुसल्या, त्यांच्या खालचा आईचा फोटो पुसला. पन्हं करून ठेवलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी कूलर बंद केला, दुपट्टा बटनाला बांधला आणि दांडा उचलला. ऋतुजा प्रश्न ओरडून विचारत होती आणि बाबा सुरेख बोलत होते. पत्र्याबद्दल, पूर्वीच्या जाड पत्र्याबद्दल, पहिला कूलर कसा वाकडा झाला त्याबद्दल. मी हे काहीच ऐकलं नव्हतं. परक्या पोरीला ते वर्षभराचं बोलणं अर्ध्या तासात देत होते, आणि मला तिचा हेवा वाटला, चांगलाच वाटला. मग ऋतुजाने ओरडून विचारलं, काका, ताट्या कोण भरते? बाबा म्हणाले, आता भरलेल्याच आणतो बाजारातून. आणि थांबले. माइक त्यांच्या ओठांपासून वीतभरावर होता. त्यांनी आवंढा गिळला तो मला ऐकू आला. "सुजाताची आई भरे," ते म्हणाले. "तिच्या हातची ताटी दोन उन्हाळे चाले." माइक खाली आला तर चित्रात येईल म्हणून मी दात आवळून तो तसाच धरून ठेवला.

ऋतुजा म्हणाली, झालं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, आता मिनिटभर कुणी बोलू नका. बाबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की त्यांनी आईचं नाव काढलं आणि सगळे जण उठून, माना खाली घालून, गप्प उभे राहिले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग तेही उठले, आईच्या फोटोकडे वळले आणि हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, ही पोरं तिला श्रद्धांजली वाहताहेत. फैजानने कॅमेऱ्यावरचा हात काढून मागे घेतला. ऋतुजाच्या डोळ्यांना पाणी आलं. मिनिट कधीच होऊन गेलं, पण मी झालं म्हणाले नाही. बाबांनी हात सोडले तेव्हा आम्ही हललो. बाबा ऋतुजाला म्हणाले, लय चांगलं केलं पोरी. त्यांना खरं काय ते कुणीच सांगितलं नाही, मीही कधी सांगितलं नाही.

दोघे पुढच्या खोलीत पत्र्याची चित्रं घ्यायला गेले. मी वायरी गुंडाळत मागेच थांबले. आणि तिथे माझी युक्ती फसली. मला कुठे बाहेर जायचं होतं? दुपट्टा बटनाला तसाच राहिला, कूलर बंदच राहिला, आणि युक्ती काढल्यापासून परक्यांच्या घरी कधी न झालेली चूक माझ्याच घरी झाली. खोलीत कसलाच आवाज नव्हता. उन्हाळ्यात आमच्या घरात तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाबा कपाळ पुसत बाजेवर बसले आणि माझ्या कानांकडे बोट करून म्हणाले, "येवढा वेळ काय ऐकून राहिली होती तू?"

मी हेडफोन काढून त्यांच्या कानांवर बसवले. पेटीचा आवाज आधी कमी केला, मग हळूहळू त्यांच्या कानाला पुरेल तिथवर आणला. ते डोळे बारीक करून बसले. मग आश्चर्याने म्हणाले, "टाकीत पाणी टपकून राहिलं." खरंच, ओल्या ताटीतून थेंब पडत होता, तो मलासुद्धा साध्या कानांनी ऐकू येत नव्हता. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि नेहमीच्या, माझ्या खऱ्या आवाजात म्हटलं, बाबा. त्यांनी झटकन दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"हळू बोलते तं तू तुह्या आईसारखीच बोलते वं," ते म्हणाले.

त्यांनी मला आजवर ओरडतानाच ऐकलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एक वाक्य केव्हापासून तयारच होतं. मी माइकमध्ये म्हटलं, "मले करमत नाही, बाबा."

त्यांनी हाताच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. कानावर हेडफोन असले की माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही, आणि बाबांना तसाही नव्हता. "मलेबी नाही करमत!" ते ओरडले. पुढच्या खोलीपर्यंत, बहुधा गल्लीपर्यंत गेलं. ऋतुजा काय झालं म्हणत दारात आली, आम्हा दोघांना पाहिलं आणि आली तशी मागे फिरली. जे ओरडून सांगता येत नाही असं मी वर्षभर समजत होते, ते माझ्या बापाने भर दुपारी ओरडून सांगितलं होतं. आम्ही दोघंही रडलो. नंतर फैजानने दबकत विचारलं, रेकॉर्ड किया क्या? पेटीवरचा लाल दिवा बंद होता. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पेटी, दांडा, हेडफोन, सगळं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मी दुपट्ट्याशिवायच कॉलेजात परत नेऊन दिलं. माहितीपट पुढे झाला, वर्गात दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजाची आणि माझी मैत्री काही झाली नाही, पण शेवटच्या नावांच्या पाटीवर तिने माझं नाव आवाज या शब्दापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र मी घरी आले तेव्हा कूलर चालू होता आणि माझा दुपट्टा घडी करून बाजेवर ठेवलेला होता. मी वांग्याची भाजी केली, पोळ्या केल्या, कैरीचा तक्कू वाढला. बाबांसमोर ताट ठेवलं. माझं ताट हातात घेऊन मी समोर बसायला वाकले, आणि तशीच थांबले. पेटी तर परत गेली होती. उद्यापासून पुन्हा नळ आला, गिऱ्हाईक आलं, एवढंच का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी उजव्या हाताचा लोटा उचलला आणि डावीकडे ठेवला.

मी त्या जागी बसले. खांद्याला खांदा लागला. त्यांच्या सदऱ्याला घामाचा आणि पत्र्याचा वास येत होता. त्यांनी पहिला घास घेतला. मी त्यांच्या कानाशी वाकून, अजिबात आवाज न वाढवता विचारलं, "मीठ बरोबर हाये का?"

बाबांनी घास सावकाश चावला, गिळला.

"कमी हाये," ते म्हणाले. "लय दिवसापासून कमी हाये."